विरजणाची चिंधी

पारनेर, ता. २ मार्च १९४६

चि. सौ. सुमेधा हिस आईचे आशीर्वाद.

तीन वर्षांनी तुझं नाव कागदावर लिहिते आहे. 'सौ.' घालावं की नाही याचा विचार करता करता टाकाची शाई दोनदा वाळली. शेवटी घातलं. लग्न कचेरीत सही करून लागलं म्हणून कुंकवाचा रंग काही बदलत नाही, एवढं मलाही कळतं.

तुझं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलंस ते शहाणपण केलंस. नवे डॉक्टर रविकांत तुझ्या मास्तरांचे शाळासोबती निघाले हे तुझ्या पत्रावरूनच कळलं. ते दोन्ही वेळा आपल्याकडे जेवतात. त्यांनी पाकीट एका जाड पुस्तकात घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. तुझ्या अण्णांना यातलं काही माहीत नाही आणि होऊही द्यायचं नाही. तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळे झालेले गृहस्थ ते! त्या दिवसापासून या घरात तुझा उच्चार नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

तुला मुलगी झाली, नऊ महिन्यांची झाली, आणि आईला आज कळतं. लीना. नाव चांगलं आहे. कोणाच्या तोंडवळ्यावर गेली ते लिहिलं नाहीस. साळूबाईच्या घरात सगळ्यांची नाकं बसकी; आपलं घेतलं असेल तर बरं. साळूबाईला तरी कळलं आहे का, की तिचीही नात आहे? का त्यांनीही तुमच्या नावानं हात झटकले ते झटकलेच? दूध घालायला येणाऱ्या बाईच्या मुलानं माझी मुलगी नेली, आणि तिला त्याचा राग माझ्याहून जास्त. याला काय म्हणावं?

असो. भांडायला पत्र लिहीत नाही. तू लिहितेस, तुला हिवताप आला, दूध आटलं, पोर गाईच्या दुधावर आली आणि तिला रक्ताची हगवण लागली. राजूरच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी रक्त थांबलं, पण महिना झाला तरी पोटात काही ठरत नाही. मांड्यांची कातडी लोंबायला लागली. हे वाचून मी पत्र मिटलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडलं.

आणि मग तुला आपलं विरजण आठवलं. बरोबर आहे. चार वर्षांची असताना गोवराच्या पाठोपाठ तुझंही असंच झालं होतं. तेव्हा पंधरा दिवस मी तुला पातळ ताक आणि मऊ भात यावर उभी केली होती. तिकडचं दही तार सुटलेलं आणि कडवट निघतं म्हणतेस, तर ते देऊ नकोस.

आपलं पाठवते. आठ दिवसांत पाठवते. मी शेवगावहून सासरी येताना माझ्या आईनं ओटीबरोबर दिलेलं ते विरजण. सत्तावीस वर्षं ते एक दिवस मोडू दिलं नाही, हे काय तुला सांगायला हवं? तोवर तांदळाची पेज आणि उकळून गार केलेलं पाणी देत राहा. बाळीला काजळ लावतेस ना?

आई

पारनेर, ता. ९ मार्च १९४६

चि. सौ. सुमेधा हिस आशीर्वाद.

सोबत चिंधी आहे. नव्या मांजरपाटाची, दोन पाण्यांत धुतलेली. दह्यात तीनदा बुडवली आणि तीनदा वाळवली. कडक झाली आहे, तर मोडली म्हणून घाबरू नकोस. माझी आई बाळंतपणाला दूर गेलेल्या मुलींना अशीच चिंधी पाठवायची, हे मी तुला लहानपणी सांगितलं होतं.

लावायची रीत नीट वाच. दूध उकळायचं, साय धरू द्यायची, मग करंगळी बुडवून बघायची. चटका बसला तर थांबायचं. अंगाच्या उबेइतकं झालं की चिंधी सोडायची आणि भांडं चुलीच्या मागच्या उबेला ठेवायचं. हलवायचं नाही, डोकवायचं नाही. पहिलं दही सैल लागेल. ते तुम्ही खा. त्यातल्या चमचाभरानं दुसरं लाव, ते लागलं की तिसरं. तिसऱ्याचं ताक पातळ करून, लोणी काढून, चमच्या-चमच्यानं बाळीला दे. मीठ चिमूटभर. साखर नको.

एवढं बारीक लिहिलं म्हणून हसू नकोस. तू पहिल्यापासून उतावळी.

इकडे सगळं ठीक. अण्णांची कचेरी चालू आहे. हेडकारकुनाच्या खुर्चीवर बसून बसून पाठ धरते म्हणतात. परसातलं लिंबू यंदा इतकं लगडलं आहे की फांदी जमिनीला टेकली. पाडव्याला हरभऱ्याच्या डाळीचे भाव काय होणार ते देवाला ठाऊक, रेशनावर तर ती दिसतच नाही. डॉक्टरांना घरचं जेवण मानवलेलं दिसतं, अंगानं भरले आहेत.

चिंधी मिळाल्याचं लगेच कळव.

आई

पारनेर, ता. १९ मार्च १९४६

चि. सौ. सुमेधा हिस.

तुझं पत्र काल मिळालं. दूध फाटलं म्हणतेस. पाणी वेगळं आणि गोळे वेगळे. दुसऱ्यांदा त्यातलंच घेऊन लावलंस तर त्याला वास आला. आणि त्यातले दोन चमचे पोरीला दिलेस आणि तिला ओकारी झाली.

दिलंसच का? मी तिसऱ्या दह्याचं ताक द्यायचं लिहिलं होतं की नाही? दूध तापलेलं असणार. भांड्याला कल्हई होती का? तिकडच्या डोंगरात कल्हईवाला तरी येतो का वर्षातून एकदा? बिनकल्हईच्या पितळेत कशाचंही विष होतं. आणि गाय कोणाची, काय खाते, कोण पिळतं? विरजणाला नावं ठेवण्याआधी हे बघावं. नाचता येईना, अंगण वाकडं.

तुला घर सोडून जाताना एवढी घाई होती की आईच्या हाताखाली चार दिवस काही शिकावं असं वाटलं नाही. आता त्याचं फळ त्या लेकराला.

दुसरी चिंधी पाठवते. या वेळी तरी नीट कर.

आई

पारनेर, ता. २३ मार्च १९४६, शनिवार

सुमेधा,

मागचं पत्र जाळून टाक, त्यातली चिंधीही. हे वाच. हे वाचून मला नाव ठेवशील ते कमीच पडेल.

ती चिंधी आपल्या विरजणाची नव्हती. ती लिंबाची होती.

घरात विरजणच नाही, सुमेधा. तीन वर्षं झाली. तुझ्या नावानं अण्णांनी आंघोळ केली त्या दिवशी मी विरजणाचं गाडगं उकिरड्यावर ओतलं. घरात माणूस गेलं की शिजलेलं, विरजलेलं टाकतात. तुला गेलेली धरलं होतं, म्हणून टाकलं. पहिल्या पत्रात मी सगळं त्यांच्यावर ढकललं. ते विरजणाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी आंघोळ केली आणि देवघरात जाऊन बसले. रीत पुरी केली ती मी. बादलीभर पाणी ओतून गाडगं विसळलं सुद्धा. नंतर ताटावर बसले तेव्हा दही नाही बघून ते म्हणाले, "आता नकोच या घरात." तेव्हापासून दह्याची वाटी मांडलेली नाही. पंचामृतातसुद्धा दह्याच्या जागी अक्षता वाहतो. जे नाही त्याच्या जागी अक्षता, एवढं शास्त्र या घराला पाठ आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा शेजारून चमचाभर मागता आलं असतं. पण आळीत सगळ्यांना ठाऊक, यांच्याकडे दही होत नाही. 'कशाला हो?' असं एकीनं विचारलं असतं आणि संध्याकाळी ते कचेरीत पोचलं असतं. आणि तुला कसं लिहू, की तुझ्या जिवंतपणी तुझं सुतक पाळलं? म्हणून दुधात लिंबू पिळलं. घट्ट झालं, पांढरं झालं, आंबट लागलं. मला वाटलं, दही ते दहीच. चिंधी वाळली तेव्हा माझ्या आईच्या चिंधीसारखीच दिसत होती.

काल रात्रीच्या जेवणाला अण्णा आणि डॉक्टर शेजारी बसले होते. मी दारातून विचारलं, माझ्या एका मैत्रिणीची नात अशी अशी आजारी आहे. डॉक्टरांना कळलंच कोणाची नात ते. पण चेहरा सरळ ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. म्हणाले, "काकू, माणसाचं आतडं म्हणजे मोठी वस्ती असते. असंख्य जंतू तिथं नांदतात, आणि बहुतेक गरीब असतात, अन्न पचवायला हातभारच लावतात. हगवणीचे जंतू म्हणजे बाहेरून आलेले दरोडेखोर. या नव्या सल्फाच्या गोळ्या त्यांना मारतात, त्या द्याव्याच लागतात, पण चोर कोण साव कोण ते गोळी बघत नाही. वस्ती ओस पडते. मग ओस गावात काय शिरेल ते शिरतं."

अण्णा म्हणाले, "म्हणजे पोटात सबंध तालुकाच आहे म्हणा की."

"आणि मामलेदाराशिवाय चाललेला," डॉक्टर म्हणाले. अण्णा हसले. किती दिवसांनी हसले ते मला सांगता येणार नाही.

मग डॉक्टर म्हणाले, चांगल्या दह्यात जिवंत जंतू असतात, ते पोटात गेले की आतही आंबट करतात, आणि वाईट जंतूंना आंबट सोसत नाही. ते फार दिवस मुक्काम करत नाहीत, म्हणून रोज द्यावं लागतं. आणि नुसतं त्यांना पाठवून भागत नाही. "त्यांनाही खायला लागतं, काकू. नाचणीची पेज, पिकलं केळं, असलं काही आतड्यात खालपर्यंत पोचलं की त्यावर ती वस्ती धरते." आणखी असंही म्हणाले, की यातलं सगळं पक्कं समजू नका, एका रशियन शास्त्रज्ञानं चाळीस वर्षांपूर्वी दह्यावर फार भरवसा ठेवला, लोक त्याला हसले, आता पुन्हा त्याचं वाचायला लागले आहेत.

मी विचारलं, "आणि विरजण नसलं, लिंबू पिळून लावलं तर?"

"ते दही नव्हे. ते फाटलेलं दूध. आपल्या कामाचं जिवंत त्यात काही नाही. हवेतून काय पडेल ते वाढेल, आणि ते काय असेल ते देव जाणे. आजारी पोराला तर देऊच नये."

माझ्या हातातला डाव भातात तसाच उभा राहिला. अण्णा म्हणाले, "वाढताय ना?" मी वाढलं.

तुझी कल्हई बरोबर होती. तुझं दूध बरोबर होतं. तू काही चुकली नव्हतीस.

आज सकाळी हे कचेरीत गेल्यावर मी साळूबाईच्या घरी गेले. बारा वर्षांपूर्वी तिचं दही सारखं बिघडायचं म्हणून मीच तिला आपलं विरजण दिलं होतं. वरून वाडगं ओतलं होतं, शिवाशीव नको म्हणून. ते कुठं जगलं असेल तर तिच्याकडेच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिच्या दारात जायचं म्हणजे विहीण मानून जायचं. तीन आठवडे माझं पाऊल उचललं नाही.

तिच्या म्हशीच्या गोठ्यापाशी उभी राहिले. वाटी पदराखाली. पावसापाण्याचं विचारलं. ती शेणाचा हात तसाच धरून बघत राहिली आणि म्हणाली, "वैनी, ताकाला येऊन भांडं लपवायचं आसतं व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली. "कानिफला पोर झाली? कवा? मला कुनीच न्हाई सांगितलं. थोरला पत्र आलं की चुलीत घालतो. मला वाचाया येत न्हाई, पर कागद जळताना कळतो की."

शेजारी काय म्हणतील ते मी बघितलं नाही. मी तिथंच तिच्याजवळ खाली बसले. थोड्या वेळानं ती उठली, हात धुतले आणि आतून गाडगं घेऊन आली. "हे बगा. तुमचंच हाय. त्या दिसापासनं मोडलं न्हाई म्या. मध्ये म्हस आटली तवा शेळीच्या दुधात ठिवलं, पर मोडलं न्हाई."

सुमेधा, तो वास. तोच गं तो.

मी चिंधी बुडवायला काढली तर तिनं ती माझ्या हातातून घेतली. "चिंधी वाळल कवा, टपालात पडंल कवा, पोचंल कवा? मी जाते. जितं नेते गाडग्यात. उद्या सुप्याला मोटार धरते, नगरावरनं संगमनेर, फुडं अकोलं. तितून राजूरला पायीबी जाईन. रस्त्यानं कुनाकडं बी वाटीभर दूध मागीन अन लावीत जाईन." आणि मग म्हणाली, "तुमी येता का?"

मी म्हणाले, "यांना काय सांगू?"

तिनं दुसरी वाटी घेतली. माझ्या वाटीत चमचाभर घातलं, वरून नव्हे, वाटीला वाटी टेकवून. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता वैनी न्हाई म्हनत मी तुमाला. ईहीनबाई म्हनते. रागवा न्हाईतर काय बी करा."

उद्या पहाटे ती निघते. मी इथं बसून पत्र लिहिते आहे.

ती आली की तिला आत घे. ती जे करेल ते करू दे.

तुझी आई

पारनेर, ता. १ एप्रिल १९४६

चि. सौ. सुमेधा हिस.

आठ दिवस झाले, तुमचं काही नाही. साळूबाई पोचली का? दोन दिवस, फार तर तीन. वाटेत कुठं अडकली तर नाही? थोरला मुलगा गावभर बोंबलत फिरतो आहे, म्हातारी सांगून गेली नाही म्हणून. मी गप्प आहे.

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. आता 'मैत्रीण' वगैरे सोडून दिलं, सरळ विचारलं. ते म्हणाले, पहिले दोन दिवस ताक अगदी पाण्यासारखं पातळ, चहाच्या चमच्यानं, दर तासाला. पोटात राहिलं तर तिसऱ्या दिवशी नाचणीची पेज, गाळून. मग केळं कुस्करून. डोळे खोल गेले असतील, टाळू बसली असेल, तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, ताकाची वाट बघायची नाही. टाळू बसली आहे का गं? तू कधी लिहिलं नाहीस. मी विचारलंही नाही.

मी घरात दही लावलं आहे. तीन वर्षांनी. लोणच्याच्या बरण्यांमागे गाडगं ठेवते. पहिल्याच दिवशी सुरीनं कापावं असं लागलं. रोज ताक करते, मीच पिते, उरलेलं डॉक्टरांना दवाखान्यात पाठवते. त्यांच्याकडे दोन पोरं तशीच आहेत, त्यांतल्या एकाला उतार पडला म्हणाले. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीच लाजले.

यांच्या लक्षात आलं असावं. काल स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी दोनदा श्वास घेतला. विचारलं नाही.

परवा पाडवा. कडुलिंब वाटताना तू तोंड वाकडं करायचीस आणि मी चिमटा काढायची. लीनाला जिभेला लावू नकोस, पोट नाजूक आहे.

दोन ओळी तरी लिही. तुझ्या मास्तरांना लिहायला सांग. मला रागावलेलं चालेल.

तुझी आई

पारनेर, ता. ६ एप्रिल १९४६

सुमेधा, माझ्या बाळे,

कानिफनाथांचं पत्र काल आलं.

लीना गेली ती मंगळवारी, सव्वीस तारखेला, पहाटे. साळूबाई पोचली त्याच दिवशी दिवेलागणीला, पायाला फोड घेऊन, गाडगं पदरात धरून. आणि माझं लिंबाचं पत्र तुला मिळालं तिसऱ्या दिवशी. जावयांनी लिहिलं आहे: 'तिने ते दोनदा वाचले आणि घडी करून ठेवले. आई रोज दही लावते, सुमेधा त्याच्याकडे बघत नाही.' एवढंच लिहिलं आहे. मला दोष दिलेला नाही. दिला असता तर मला त्यांच्याकडे बघणं सोपं गेलं असतं.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. गाडगं माझ्या घरापासून दोन आळ्यांवर होतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी उठून गेले असते तर चार-पाच मार्चला ते तुझ्या हातात असतं. तीन आठवडे मी ते माझ्या हट्टापायी अडवलं, आणि त्यातले दहा दिवस तुला खोट्याच्या भरवशावर बसवलं, आणि वर कल्हई काढली तुझी.

डॉक्टरांना मी विचारलं, वेळेवर मिळालं असतं तर वाचली असती का? ते म्हणाले, "काकू, खरं सांगतो, माहीत नाही. काही पोरं ताकानं उठतात, काही कशानंच उठत नाहीत. यावर छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही." 'वाचली असती' म्हणाले असते तर मी त्याखाली दबून बसले असते. 'नसती' म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. दोन्ही नाही. हे 'माहीत नाही' घेऊन मला जगायचं आहे, आणि तुलाही, माझ्यामुळे.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

पण काल घरात काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

हे पत्र डॉक्टरांनी पुस्तकात घालून दिलं नाही. संध्याकाळी आले, पायातल्या वहाणासुद्धा काढल्या नाहीत, आणि ते यांच्या हातात दिलं. म्हणाले, "नृसिंहराव, हे लपवून देण्यासारखं नाही." अण्णांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं. उघडलं. उभ्या उभ्या वाचलं. मी दारात होते. त्यांनी वाचून पुरं केलं आणि मला म्हणाले, "तुमची नात गेली." मग थांबले, आणि म्हणाले, "आपली."

त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, पंचा घेतला आणि मागच्या दारानं विहिरीवर गेले. मी त्यांच्या मागं गेले. त्यांनी पोहरा सोडला, ओढला आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावरून घेतला. एक, दोन, तीन. तीन वर्षांपूर्वी तुझ्या नावानं केली ती आंघोळ बंबातल्या ऊन पाण्याची होती, आणि करताना ते मोठ्यानं नाव घेत होते, आळीनं ऐकावं म्हणून. काल गार पाणी होतं आणि तोंडातून शब्द नव्हता. दात वाजत होते. मी म्हणाले, "पुरे, आजारी पडाल." तर आणखी एक पोहरा घेतला.

सुमेधा, मुलीच्या लेकराची आंघोळ कोणाला लागते? ज्याच्या लेखी मुलगी जिवंत असेल त्यालाच. हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. सबंध गाव सोयर-सुतकाचं विचारायला त्यांच्याकडे येतं. तीन वर्षं ज्या घरात तू नव्हतीस त्या घरात तू काल परत आलीस, आणि तुला आणायला त्या लेकराला जावं लागलं.

आत आल्यावर मी रीतीप्रमाणे बरण्यांमागचं दह्याचं गाडगं उचललं. सुतक आहे, टाकायला हवं. मागच्या दाराकडे निघाले तर हे आडवे आले. अंगावरून पाणी निथळत होतं. विचारलं, "कुठलं हे?"

मी सांगितलं. साळूबाईकडचं, म्हणजे आपलंच, आणि लिंबाचं, आणि चिंधीचं, सगळं. उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. त्यांनी झाकण काढून आत बघितलं. मला वाटलं, आता हातातून घेऊन आपटतील.

"राहू दे," ते म्हणाले. "एकदा टाकलं तेवढं पुरे."

मी गाडगं जागेवर ठेवलं आणि झाकण घातलं. सोमवारी ते रजा घेतात. सुप्याहून सकाळची मोटार आहे, साळूबाई गेली तीच. या वेळी चिंधी पाठवत नाही, आम्ही दोघं येतो आहोत. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर ओट्यावर बसू.

तुझी आई